उचलायला दोन हात, उतरवायला एक

माझ्या दवाखान्याच्या जागेत पूर्वी पिठाची गिरणी होती. मंगळवार पेठेतली ती खोली मी भाड्यानं घेतली, भिंतींना दोनदा चुना दिला, बाहेर मोठी पाटी लावली, तरी पहिलं वर्षभर लोक डबे घेऊन येतच राहिले. एका आजींनी ज्वारीचा डबा उंबऱ्यात टेकवला आणि विचारलं, "चालू कवा हुणार गं गिरणी?" मी म्हटलं, आजी, इथं आता दळण नाही, इथं हातपाय दुखणाऱ्यांवर उपचार होतात. "औषीद देतीस?" नाही. "सुई?" तीही नाही. "मग करतीस काय?" व्यायाम करून घेते म्हटल्यावर त्या डब्यावरच बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसून झाल्यावर त्यांनी उजवा गुडघा पुढं केला. त्या माझ्या पहिल्या पेशंट.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. फिजिओथेरपी हा शब्द तेव्हा पेठेत कुणाच्या जिभेवर बसत नव्हता. कुणी मला शेकाची बाई म्हणे, कुणी करंटवाली मॅडम. कोल्हापूर म्हणजे तालमींचं गाव, व्यायाम इथं कुणाला नवा नाही. पण तो धडधाकट माणसानं करायचा. दुखणाऱ्यानं आडवं पडायचं आणि दुसऱ्यानं त्याला चोळायचं, अशी सरळ वाटणी होती. त्यात कुणी बाई उभी राहून "हात तुम्हीच उचला" म्हणाली की लोकांना ती कामचुकार वाटायची.

मशीनवर मात्र सगळ्यांची श्रद्धा. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लेथवर काम करणारे एक गृहस्थ मानेच्या दुखण्यासाठी यायचे. एके दिवशी माझ्या मशीनवरचा लाल दिवा गेला. मशीन चालू होतं, नुसता दिवा गेला होता. गृहस्थ पालथे झोपायला तयार होईनात. "मॅडम, लाइट न्हाय म्हंजे सप्लाय न्हाय. मला शिकवू नका, मी मशीनवरचाच माणूस हाय." शेवटी मी वायरमनला बोलावून शेजारी एक वेगळा लाल बल्ब बसवून घेतला. त्याचा मशीनशी काडीचा संबंध नव्हता, बटण दाबलं की नुसता पेटायचा. गृहस्थांची मान आठ दिवसांत सुटली. ते चूक होतं की बरोबर, यावर मी अजून स्वतःशीच भांडते.

भांडणं हा माझा स्वभावच. व्यायाम न करता आलेल्या पेशंटला मी फाडून खायची. "बाई गुण देती, पर आदी पाणउतारा करती," असं पेठेत माझ्याबद्दल बोललं जायचं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. वाटायचं, माणूस बरा झाला नाही तर दोनच कारणं असणार. एक तर त्यानं व्यायाम केला नाही, किंवा केला म्हणून खोटं सांगितलं. तिसरं कारणही असतं, हे मला हुपरीच्या शिवाप्पांनी शिकवलं.

शिवाप्पा आले ते आषाढात. सन दोन हजार उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. वय साठीच्या पुढं, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरी टोपी, अंगात स्वच्छ तीन बटणी शर्ट. हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं, तसं त्यांच्याही घरात चालायचं. चांदी आटवायची, तार ओढायची, त्याचे पैंजण घडवायचे. तरुणपणी मशीनं नव्हती, तेव्हा भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीतून चांदीची तार हातानं खेचत बारीक करायची. वर्षानुवर्षं ओढून त्यांचा डावा खांदा दुखत होता. सोबत त्यांची बायको होती. शिवाप्पांना मी अण्णा म्हणायला लागले, म्हणून त्या अक्का झाल्या. दाराजवळ गिरणीच्या काळातलं एक लाकडी बाकडं होतं. दळण होईपर्यंत पूर्वी लोक त्यावर बसत, आता पेशंटबरोबर आलेली माणसं बसायची. अक्का तिथं बसल्या.

"कधीपासून दुखतो?"

"झालं की दीड वर्स."

"हात वर होतो?"

त्यांनी हात बाजूनं वर न्यायला सुरुवात केली. खांद्याच्या थोडा खाली आला तशी त्यांची भुवई आवळली, हात थबकला, मग त्या टप्प्यातून कसाबसा सुटून वर गेला. खांदा आखडून गोठतो तो आजार वेगळा, त्यात हात वर जातच नाही. इथं हात जात होता, पण मधल्या वाटेवर कुणीतरी चिमटा काढत होतं.

"अण्णा, हात वर करता आला पाहिजे, बरोबर? ते करू आपण."

"वर करायचा न्हाय मला," शिवाप्पा म्हणाले. "वर ठेवायचा हाय."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. ते लिंगायत. गळ्यात चांदीच्या चौक्यात, म्हणजे छोट्या डबीत, त्यांचं इष्टलिंग असे. रोज सकाळी अंघोळीनंतर ते डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं भस्म, फूल, बेलाचं पान वाहायचं, आणि मग तो तळहात डोळ्यांसमोर धरून एकटक बघत बसायचं. आठव्या वर्षी दीक्षा झाली तेव्हापासून यात खंड नव्हता. आता हात डोळ्यांपर्यंत गेला तरी तिथं राहत नव्हता, थरथरायला लागे. मागच्या शिवरात्रीपासून अक्का त्यांच्या डाव्या बाजूला बसून आपला उजवा हात त्यांच्या कोपराखाली धरत. पूजा होईपर्यंत, रोज.

"मठातलं स्वामी म्हणालं, उशी घ्या कोपराखाली, काय बिघडत न्हाय," शिवाप्पा म्हणाले. "त्यांचं बरोबर हाय. पर मला लाज वाटतीया. देव माझा, हात दुसऱ्याचा, असं कसं?"

बाकड्यावरून अक्का म्हणाल्या, "दुसऱ्याचा कुठला? माझाच की." त्या हसल्या, मीही हसले, आणि शेकाची पिशवी गरम करायला गेले.

तीन महिने मी त्यांना शेक दिला, मशीन लावलं, लाल बल्बही लावला, दुखेल असं काही करू नका म्हणून बजावलं. खांदा जागचा हलला नाही. अस्थिरोगतज्ज्ञांनी एक इंजेक्शन दिलं होतं, त्याचा गुण महिनाभरच टिकला. शिवाप्पा हुपरीच्या बसनं येत, जात, एका शब्दानं तक्रार करत नसत. मीच रडकुंडीला आले होते.

त्याच सुमारास पुण्याला एका कार्यशाळेत माझे जुने सर भेटले. त्यांनी जी पद्धत सांगितली ती ऐकून मी आधी नाक मुरडलं. ती समजायला खांद्याचं थोडं सांगायला हवं. स्नायू हाडाला ज्या दोरीनं बांधलेला असतो तिला कंडरा म्हणतात. शिवाप्पांची दुखत होती ती ही दोरी. ती फाटली नव्हती, जुन्या सुंभासारखी विसविशीत झाली होती. अशी दोरी नुसती विश्रांती देऊन घट्ट होत नाही, तिला मापात ताण द्यावा लागतो. स्नायू दोन तऱ्हांनी काम करतो. ओझं उचलताना तो आखडत जातो, आणि तेच ओझं हळूहळू खाली उतरवताना लांब होत होत त्याला धरून ठेवतो. उतरवणं म्हणजे सोडून देणं नव्हे. जोतिबाच्या पायऱ्या चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या ओरडतात त्या उतरल्यामुळं. सर म्हणाले, दुखऱ्या हाताला उचलायला लावूच नका. चांगल्या हातानं किंवा दुसऱ्या कुणाच्या मदतीनं तो वर न्या, आणि वजन हळूहळू खाली आणायचं काम तेवढं दुखऱ्या हाताला द्या. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या, सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. आणि वर म्हणाले, थोडं दुखलं पाहिजे.

पंधरा वर्षं मी लोकांना "दुखलं की थांबा" सांगत आले होते. आता "दुखलं तरी करा" कोणत्या तोंडानं सांगणार? पण किती दुखलेलं चालेल याला माप हवं. एक ते दहा अशी मोजपट्टी आमच्या पेठेत चालत नसे, लोक सरळ "दहा" म्हणून मोकळे व्हायचे, बाराही म्हणायचे. म्हणून मी आणे वापरायची. पूर्ण दुखणं म्हणजे सोळा आणे. आठ आण्यांपर्यंत दुखलं तर चालू ठेवा, पुढं गेलं तर वजन कमी करा, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत दुखणं पहिल्या जागी आलं पाहिजे. आणे व्यवहारातून कधीचे गेले होते, पण म्हाताऱ्या माणसांच्या जिभेवर ते अजून शाबूत होते.

दसऱ्यानंतर मी शिवाप्पांना ही पद्धत शिकवली. माझा हात त्यांच्या मनगटाखाली धरून वर नेला, सोडला, आणि म्हटलं, "आता सावकाश खाली. पाच आकडे मोजत." ते कन्नडमध्ये मोजायला लागले. हुपरीच्या पट्ट्यात घरोघरी दोन्ही भाषा. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. सुंदर उतरवला. मी खूश झाले. घरी उजव्या हातानं मदत घ्या म्हणून सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं.

ते आले पाच आठवड्यांनी. दिवाळीच्या तोंडावर पैंजणांच्या ऑर्डरी होत्या, हुपरीत त्या दिवसांत कुणाला मान वर करायला सवड नसते. मला वाटलं, खांदा सुधारला असेल म्हणून आले नाहीत. दारातून आत येतानाच त्यांचा चेहरा दिसला. डावा हात त्यांनी पोटाशी धरला होता.

"किती आणे?"

"चौदा," शिवाप्पा म्हणाले. "कवा कवा पंधरा."

"व्यायाम केलात?"

"रोज. दोन टाइम."

माझ्या डोक्यात सणक गेली. जिभेवर आलंच होतं, खोटं बोलू नका म्हणून. पण त्यांनी पिशवीतून एक छोटी थैली काढून टेबलावर ठेवली. जुन्या खणाच्या कापडाची, लाल काठाची, तोंडाला नाडी असलेली, अक्कांनी हातानं शिवलेली. आत वजनं होती. वाळू भरा किंवा पाण्याची बाटली घ्या असं मी सांगितलं होतं, पण चांदी तोलणाऱ्या माणसाला अंदाजाचं वजन कसं चालावं? त्यांनी तराजूची पितळी वजनं घातली होती आणि दर आठवड्याला सांगितलं तेवढंच, तोळ्याचाही फरक न करता, वाढवत नेलं होतं. थैलीची नाडी हाताळून हाताळून काळी पडली होती. हा माणूस खोटं बोलत नव्हता.

मग मीच चुकले. नवी पद्धत पुण्याच्या पेशंटांसाठी असेल, इथल्या खांद्यांना झेपत नसेल. की आजारच ओळखण्यात चूक झाली? चांगल्या माणसाचा खांदा मी हट्टानं बिघडवला, असं वाटून मला खरोखर भीती वाटली. मी म्हटलं, "करून दाखवा बघू."

शिवाप्पा उभे राहिले. थैली डाव्या हातात घेतली. दात आवळले. डावा हात एकट्यानंच, इंच इंच, त्या चिमट्याच्या टप्प्यातून वर नेला. कपाळावर घाम आला. वर पोचल्यावर उजवा हात पुढं आला, त्यानं डावं मनगट अलगद पकडलं, आणि लहान मुलाला पाळण्यात ठेवावं तसं जपून खाली आणून ठेवलं.

"अण्णा!" मी जवळजवळ किंचाळले. "हे सगळं उलटं झालं!"

"उलटं कसं?"

"उजव्या हातानं उचलायचं होतं. डाव्यानं फक्त उतरवायचं होतं."

"आसं तुमी सांगितलंता," शिवाप्पा शांतपणे म्हणाले. "पर ते मला पटलं न्हाय. ताई, आमचा धंदा चांदीचा. पैंजणावर जेवढा टंच लिवलाय तेवढाच आत पायजे. उजव्यानं उचलायचं आन् डाव्यानं उचललं म्हनून मोजायचं, ही खोट झाली की. मी म्हटलं, उचलायचं ते डाव्यानंच उचलायचं, परामानिकपणी. उतरवताना घेतली मदत तर चालतंय, उतरवायला काय लागतंय?"

टंच म्हणजे चांदीचा कस, तिच्यात खरी चांदी किती आणि भर किती. पाच आठवडे, दोन्ही वेळा, पंधराच्या तीन फेऱ्या, या माणसानं खांद्याला नेमकं नको तेच काम दिलं होतं, आणि तेही निव्वळ प्रामाणिकपणापोटी. आळशी पेशंट बरा, त्याचा खांदा तरी होता तसा राहतो. "दुखलं तरी करा" हे मीच सांगितलं होतं, त्यामुळं चौदा आण्यांवर गेल्यावरही ते थांबले नव्हते. आठ आण्यांचं माप त्यांच्या लक्षात होतं का? होतं. "पर म्हटलं, तुमी बाईमाणूस, दया करून कमी सांगितलं आसंल."

मी त्यांना पुन्हा सगळं समजावलं. स्नायू, दोरी, जोतिबाच्या पायऱ्या. ते मान डोलवत होते, पण डोळ्यांत पटल्याची खूण नव्हती. त्यांच्या लेखी उचलणं म्हणजे काम आणि उतरवणं म्हणजे काम संपणं. माझंही कॉलेजात तेच मत होतं, त्यांना काय बोलणार?

तेवढ्यात बाकड्यावरून आवाज आला. "मूस उचलताना भावजी हात लावत्यात का न्हाय तुमास्नी?"

शिवाप्पांनी वळून बघितलं. चांदी वितळवायच्या भांड्याला मूस म्हणतात.

"लावतोय की," ते म्हणाले.

"आन् वतताना?"

"वतताना कसा लावंल? वतायला एकच हात लागतोय. दुसरा आला की धार हालती, रस भाईर जातोय."

"मग?" अक्का म्हणाल्या. "उचलायला दोघं लागलं म्हनून तुमची चांदी खोटी झाली का? कसब वतण्यातच हाय न्हवं?"

शिवाप्पांनी थैली उचलली, उजव्या हातानं. डाव्या हाताला धरून वर नेली. उजवा हात सोडला. आणि रस ओतावा तसा डावा हात खाली आणायला लागले. ओंदु. एरडु. मूरु. त्या दिवशी मी अर्ध्याहून जास्त वजन काढून घेतलं, चार दिवस पूर्ण विश्रांती सांगितली, आणि मग पहिल्यापासून सुरुवात केली. दर सोमवारी काम बंद ठेवून यायचंच, आणि माझ्यासमोर करून दाखवायचं, अशी अट घातली. पेशंटला "केलं का?" विचारण्याऐवजी "दाखवा" म्हणायची सवय मला तेव्हा लागली, आणि दवाखाना बंद करेपर्यंत राहिली.

पुढचं सगळं संथ झालं. पहिले तीन आठवडे फक्त दुखणं जुन्या जागी आलं. पाचव्या आठवड्यात ते डाव्या कुशीवर झोपू शकले. संक्रांतीला तिळगूळ घेऊन आले आणि थैलीत पहिल्यापेक्षा जास्त वजन घालून दाखवलं, सहा आण्यांवर. दर सोमवारी अक्का बाकड्यावर असत. मी त्यांना पंखा लागतोय का एवढं विचारायची. त्या "लागतोय की" म्हणायच्या.

शिवरात्रीच्या आधीच्या सोमवारी शिवाप्पांनी मला घरी बोलावलं. "दवाखान्यात थैली धरायची येगळं. घरात येऊन बघा एकदा, म्हंजे तुमचंबी समाधान हुईल."

सकाळी लवकरच्या बसनं मी हुपरीला गेले. गल्लीत पाऊल टाकल्यापासून प्रत्येक दारातून बारीक ठकठक ऐकू येत होती, त्यांचं दार तेवढं शांत होतं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले. शिवाप्पा आणि अक्का शेजारी शेजारी आसनावर बसले होते. वर्षभर अक्कांची पूजा शिवाप्पांची झाल्यावर, कामाच्या रगाड्यात कशीतरी व्हायची. त्या दिवशी दोघं एकदमच बसले. भस्म, फूल, बेल. मग शिवाप्पांनी डावा हात डोळ्यांसमोर नेला.

मी नकळत मोजायला लागले. दहा, वीस, पन्नास. हात हलला नाही. शंभरानंतर मी मोजणं सोडलं. पंचवीस वर्षांच्या धंद्यात मला पैसे मिळाले, मान मिळाला, पण त्या उंबऱ्यावर बसून मला जे वाटलं ते पुन्हा क्वचितच वाटलं. शेवटी त्यांनी हात खाली आणला. घाईनं नाही. पाच आकड्यांत.

पूजा झाल्यावर अक्का चहाला उठल्या. साखरेचा डबा वरच्या फळीवर होता. त्यांनी उजवा हात उचलला, तो खांद्याच्या थोडा खाली आला तशी त्यांची भुवई आवळली, आणि डावा हात आपोआप उजव्या कोपराखाली जाऊन टेकू देऊन उभा राहिला. मग डबा खाली आला.

ही भुवई मला पाठ होती.

"अक्का, कधीपासून?"

"काय?"

"खांदा."

"हाय की, झालं सात-आठ म्हैनं." आमच्याकडं बायकाही स्वतःबद्दल पुरुषासारखंच बोलतात, त्या सहज म्हणाल्या, "मी रोज धरतो न्हवं त्यांचा हात, त्यानं आसंल."

"मला सांगितलं का नाही? दर सोमवारी तर येत होता."

"तुमी त्यांचं बघालता की. एका घरातनं दोन-दोन खांदं कुठं आणायचं?"

आठ महिने ती बाई माझ्यापासून सहा हातांवर बसली होती. उजव्या हातातली पिशवी डाव्या हातात घेताना मी तिला किती वेळा बघितलं असेल. थैली तिनं त्याच हातानं शिवली होती. शिवाप्पांचा खांदा मी कागदावर इंचाइंचानं मोजला होता, आणि तो ज्या हातावर टेकला होता तो हात मला दिसला नव्हता. मला स्वतःची अतिशय लाज वाटली. तसं मी बोलूनही दाखवलं. अक्का म्हणाल्या, "च्या गार हुतोय."

शिवाप्पा उठून आत गेले आणि खणाची थैली घेऊन आले. त्यातली सगळी वजनं त्यांनी जमिनीवर ओतली, सर्वांत लहान तेवढं एक उचलून आत टाकलं, नाडी आवळली आणि थैली बायकोच्या उजव्या हातात दिली.

"आता कशाला? पावणी आलीया घरात," अक्का म्हणाल्या.

"हात दे." त्यांनी आपला डावा हात तिच्या मनगटाखाली लावला. तोच डावा हात. हलकेच, चिमट्याच्या टप्प्यातून, तिचा हात वर नेला. "चढताना माझा. आता सोडतोय मी. उतरताना तुझा तू आण. सावकाश."

त्यांनी हात काढून घेतला आणि मोजायला लागले. ओंदु. एरडु. अक्कांचा हात मधेच अडखळला. शिवाप्पांचा हात मदतीला पुढं झाला आणि हवेतच थांबला. मूरु. नाल्कु. ऐदु.

मी पर्समधून एक कोरा केसपेपर काढला. एक तरी सोबत ठेवायची माझी सवय होती. वर नाव लिहायचं होतं आणि मला ते ठाऊक नव्हतं.

"अक्का, तुमचं नाव काय?"

"गौरव्वा."

ते लिहिलं. खाली 'उजवा खांदा' लिहिलं. मग विचारलं, "किती आणे दुखतंय?"

"आसंल की थोडं. दोनेक आणं."

शिवाप्पा तिच्याकडं बघत राहिले. "खरा टंच सांग," ते म्हणाले.

गौरव्वांनी थैली मांडीवर ठेवली. नाडी सोडली, पुन्हा आवळली.

"बारा आणं," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.